पंजा, अंगठा आणि चेहरा

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीसमोर चौक आहे. दोन वर्षांपूर्वी त्या चौकातल्या खांबावर चार कॅमेरे बसले. मोटारसायकली चोरीला जात होत्या, म्हणून लोकांनीच मागणी केली होती. त्या अर्जावर माझीही सही आहे. परवा जुम्याच्या नमाजनंतर एक वयस्कर चाचा खांबाखाली थांबले. सगळी उमर सोलापुरात गिरणीत गेलेला माणूस. वर बघत त्यांनी मला विचारलं, “बेटा, ये खाली देखता है, के पहचानता भी है?”

मी हसून वेळ मारून नेली. घरी आलो तरी प्रश्न काही सुटेना. बघणं आणि ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकातला पानवालाही मला रोज बघतो, त्याची कधी भीती वाटली नाही. पण मी कोण, कुठून आलो, कुणाबरोबर उभा होतो, गेल्या महिन्यात कुठल्या मोर्चात होतो, हे न विचारता कुणी नोंदवून ठेवत असेल, तर ते बघणं राहत नाही. आज फेशियल रेकग्निशन, म्हणजे चेहऱ्यावरून माणूस ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल बोलताना सगळे अमेरिका-चीनची उदाहरणं देतात. पण माणसाच्या शरीरावरून त्याची नोंद ठेवण्याचा इतिहास आपल्याच मातीत घडला आहे, आणि त्यात आपल्या लोकांचे हात दोन्ही बाजूंना आहेत. चाचांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडलं.

जंगीपूरचा पंजा

२८ जुलै १८५८. बंगालमधलं जंगीपूर. बंडाची धग अजून पुरती विझलेली नव्हती. विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार करत होता. कंत्राटदार होते राज्यधर कोनाई. हर्शेलने कोनाईंच्या तळहाताला शाई लावली आणि कराराच्या मागे त्यांचा अख्खा पंजा उमटवून घेतला. ही सही माझी नाहीच, असं उद्या म्हणायची त्यांची हिंमत होऊ नये, एवढाच हेतू होता. गुन्ह्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे हर्शेलने पेन्शनर आणि दस्तनोंदणीसाठी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. एकाच्या नावावर दुसऱ्याने पेन्शन उचलू नये, हा त्यामागचा विचार. कुणालाही पटेल असा.

ठसे घेणं सोपं होतं, शोधणं कठीण. हजारो कागदांच्या ढिगातून एका बोटाचा ठसा काढायचा कसा? हे कोडं सोडवलं ते कलकत्त्यात, आणि सोडवणारांत एक नाव काझी अझीझुल हक यांचं आहे. खुलना भागातला हा गणिताचा हुशार विद्यार्थी. पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांनी त्यांना खात्यात घेतलं. ठशांच्या रेषांचे प्रकार पाडून त्यांनी १०२४ कप्प्यांची गणिती मांडणी बसवली. कुठलाही ठसा कुठल्या कप्प्यात असणार, हे काही मिनिटांत सांगता येऊ लागलं. हेमचंद्र बोस हे त्यांचे सहकारी. १८९७ साली कलकत्त्यात फिंगरप्रिंट ब्युरो उभा राहिला. पद्धत मात्र जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून गाजली. हेन्री पुढे लंडनला स्कॉटलंड यार्डात गेले. हक ‘खानबहादूर’ झाले, बोस ‘रायबहादूर’ झाले.

अझीझुल हक यांच्याबद्दल मला अभिमान वाटतो, हे लपवायचं कारण नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव यायला हवं. पण त्याच काळातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जलपायगुडीत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. घरातल्या बंगाली पंचांगावर रक्ताने माखलेल्या अंगठ्याचा पुसट ठसा मिळाला. जुन्या गुन्हेगारांच्या नोंदींशी तो ताडून पाहिला, तर पूर्वी त्याच घरात नोकरी केलेल्या कांगाली चरण याच्याशी जुळला. १८९८ साली खटल्याचा निकाल लागला. कोर्टाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली आणि खुनाच्या आरोपातून सोडलं. नुसता एक ठसा जुळला म्हणून कुणाला फाशी द्यायला ते कोर्ट तयार झालं नाही. वसाहतीतलं, गोऱ्या साहेबाच्या खुनाचा खटला चालवणारं कोर्ट. तरी त्याला कळलं होतं की जुळणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

नोंद कुणाची होते?

पेन्शनसाठी सुरू झालेला ठसा लवकरच दुसरीकडे वळला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. १९११ च्या सुधारित कायद्याने नोंदवलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घ्यायचा अधिकारही पोलिसांना मिळाला. गुन्हा करावा लागत नव्हता. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी आईच्या पोटी जन्म घेतला की पुरे.

सोलापूरकराला हे पुस्तकातून वाचायची गरज नाही. आमच्या शहरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आजही आहे. तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी, अशा व्यवस्थेत तिथे माणसं ठेवली होती. त्यांच्याच श्रमावर इथल्या गिरण्या चालल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. त्या दिवसाला भटके-विमुक्त आपला मुक्तिदिन मानतात. पण सवयीच्या गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, आणि पोलीस ठाण्यातली यादी काही रिकामी झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचलेल्या माणसाला ही यादी पिढ्यान् पिढ्या माणसाचा पाठलाग कशी करते, हे वेगळं सांगायला नको.

मला इथे एक कबुली द्यायची आहे. आम्ही मुसलमान आज ‘आमच्यावर पाळत ठेवली जाते’ अशी तक्रार करतो. ती खोटी नाही. पण सेटलमेंटच्या रस्त्यावरून जाताना आपले बापजादे पाकीट सांभाळून चालायचे, हेही खोटं नाही. यादीत दुसऱ्याचं नाव असतं, तोवर यादी सगळ्यांनाच बरी वाटते.

हमीदिया मशिदीतली आग

हेन्री लंडनला जाण्याआधी, १९०० साली, इंग्रजांनी त्यांना दक्षिण आफ्रिकेत पाठवलं होतं. बोअर युद्धात जिंकलेल्या जोहान्सबर्ग-प्रिटोरियाची पोलीस व्यवस्था लावायला. त्यांच्याबरोबर कलकत्त्याची पद्धतही तिकडे गेली. सहा वर्षांनी ती तिथल्या हिंदी लोकांवरच उलटली.

ऑगस्ट १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने एका कायद्याचा मसुदा काढला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने नाव नोंदवायचं, दहाही बोटांचे ठसे द्यायचे, दाखला सतत जवळ बाळगायचा. पोलीस रस्त्यात अडवून तो मागतील, घरात घुसूनही मागतील. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली. अध्यक्ष होते अब्दुल गनी. सेठ हाजी हबीब उठले आणि म्हणाले, या कायद्यापुढे झुकायचं नाही अशी खुदाला साक्षी ठेवून शपथ घेऊ. गांधीजींनी त्या शपथेचं वजन सभेला समजावून सांगितलं. ज्याला पुढे सत्याग्रह म्हटलं गेलं, त्याचा जन्म या सभेत झाला. बोटांच्या ठशांच्या प्रश्नावर.

पुढचा भाग शाळेत शिकवत नाहीत, आणि आजच्या प्रश्नासाठी मला तोच सगळ्यात उपयोगी वाटतो. जानेवारी १९०८ मध्ये गांधीजी आणि जनरल स्मट्स यांच्यात तडजोड झाली. हिंदी लोक आपखुशीने नोंदणी करतील, सरकार सक्तीचा कायदा मागे घेईल. काल ठशांविरुद्ध तुरुंगात गेलेले गांधीजी आज ठसे द्यायला निघाले! मीर आलम नावाच्या पठाणाला ही गद्दारी वाटली. १० फेब्रुवारीला नोंदणीसाठी जाणाऱ्या गांधीजींवर त्याने आणि साथीदारांनी हल्ला केला. जखमी अवस्थेतही गांधीजींनी ठसे दिलेच, आणि हल्लेखोरांवर खटला भरू नका असं कळवलं.

गांधीजींचं म्हणणं साधं होतं. शाईत पाप नाही. जे सक्तीने मागितलं तर अपमान ठरतं, तेच खुशीने देता येतं. भांडण होतं ते एका समाजाला संशयित ठरवणाऱ्या कायद्याशी. सरकारने कायदा मागे घेतला नाही. मग १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात मोठी कढई ठेवली गेली आणि दोन हजारांहून जास्त दाखले रॉकेल ओतून जाळले गेले. त्या गर्दीत मीर आलमही होता. आपली चूक झाली असं त्याने सांगितलं आणि स्वतःचा जुना दाखला जाळायला दिला.

मला त्या मशिदीचं आवार अनेकदा डोळ्यांपुढे येतं. गुजराती मेमन व्यापारी, तमिळ मजूर, पठाण, पारशी, सगळे एका कढईभोवती. त्यांच्याकडे जाळायला निदान एक कागद तरी होता. आज चेहऱ्याची नोंद कुठल्या कॉम्प्युटरात आहे, हेच आपल्याला माहीत नसतं. जाळणार काय?

हात पुढे करावा लागत नाही

ठसा आणि चेहरा यांतला मोठा फरक हाच आहे. ठशासाठी हात पुढे करावा लागतो, निदान कुणाला तरी तो धरावा लागतो. नकार द्यायला एक क्षण असतो. चेहरा लांबूनच घेतला जातो. कॅमेऱ्यातल्या चित्रावरून यंत्र चेहऱ्याच्या ठेवणीची एक आकड्यांची माळ बनवतं आणि साठ्यातल्या लाखो माळांशी ताडून बघतं. ‘हाच तो’ असं ते कधीच म्हणत नाही. इतके टक्के साम्य आहे, एवढंच सांगतं. किती टक्क्यांना ‘जुळलं’ म्हणायचं, हे माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार तिथे ती रेषा ८० टक्क्यांवर आहे.

शिवाय यंत्र सगळ्यांना सारखं ओळखत नाही. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या बाजारातल्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळ रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय माणसाला घड्याळांच्या चोरीसाठी बायको-मुलींसमोर बेड्या घातल्या गेल्या. यंत्राने अंधुक फुटेजवरून त्यांचा लायसन्सवरचा फोटो जुळवला होता. चोर दुसराच होता. २०२४ साली डेट्रॉइट पोलिसांना तडजोडीत मान्य करावं लागलं की केवळ यंत्राच्या जुळणीवरून कुणाला अटक करणार नाही. जलपायगुडीच्या कोर्टाला जे १८९८ साली कळलं, तिथे पोहोचायला सव्वाशे वर्षं लागली.

आपल्याकडची वाट हर्शेलच्या वाटेसारखीच आहे. दिल्लीत ही यंत्रणा २०१८ साली आली ती हरवलेली मुलं शोधण्यासाठी. उच्च न्यायालयात तशी याचिकाच चालू होती. हरवलेलं मूल सापडू नये असं कुणाला वाटेल? पण त्याच न्यायालयात सांगितलं गेलं की अचूकता दोन टक्के आहे. पुढच्या वर्षी ती एक टक्क्याच्याही खाली असल्याचं समोर आलं. मुलगा कोण आणि मुलगी कोण, हेसुद्धा यंत्राला धड कळत नव्हतं. तरी यंत्रणा बंद झाली नाही, तिचं काम वाढलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ईशान्य दिल्लीत दंगल झाली, ५३ माणसं गेली. मार्चमध्ये गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की मतदार ओळखपत्रं आणि ड्रायव्हिंग लायसन्सचे फोटो वापरून ११०० हून जास्त लोकांची ओळख पटवली आहे. हे सॉफ्टवेअर आहे, ते धर्म बघत नाही, असंही ते म्हणाले.

दंगलखोर पकडले जावेत, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. यावर माझं दुमत नाही. पण मत द्यायला म्हणून दिलेला फोटो पोलिसांच्या जुळणीत कुठल्या कायद्याने गेला, हा प्रश्न उरतोच. आणि सॉफ्टवेअर धर्म बघत नसेल, पण कॅमेरा कुठल्या चौकात लावायचा, कुठल्या गर्दीचं चित्रण घ्यायचं, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. हैदराबादमध्ये २०२१ साली पोलिसांनी एस. क्यू. मसूद या सामाजिक कार्यकर्त्याला रस्त्यात थांबवलं, तोंडावरचा मास्क काढायला लावला आणि फोटो घेतला. कशासाठी, हे सांगितलं नाही. त्यांनी तेलंगणा उच्च न्यायालयात दाद मागितली. आपला चेहरा कुणाकडे आणि का आहे, एवढंच त्यांना विचारायचं आहे.

‘काही केलं नाही, तर भीती कशाची?’

हा प्रश्न मला घरातही विचारला जातो. उत्तरादाखल मी खरक सिंग यांची गोष्ट सांगतो. १९४१ साली उत्तर प्रदेशात त्यांना दरोड्याच्या संशयावरून धरलं होतं. पुरावाच नव्हता, म्हणून खटला न चालवता सोडून दिलं. तरी पोलिसांनी त्यांच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली. रात्री-अपरात्री दार ठोठावून माणूस घरात आहे का बघायचं, कुठे गेला तर मागावर राहायचं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ साली न्यायालयाने रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या, पण बाकी पाळत कायम ठेवली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे बहुमताने मानलं नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं खरं ठरायला ५५ वर्षं लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या मानाने बेताचा हवा.

या कसोटीला चौकातला ओळखणारा कॅमेरा उतरतो का? पहिल्याच पायरीवर अडतो. पोलिसांनी सार्वजनिक जागी चेहरे कधी, कुणाचे, किती काळ ताडायचे, हे ठरवणारा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. २०२२ च्या ओळख कायद्याने अटक झालेल्यांची मोजमापं, बुबुळांच्या नोंदी, फोटो घ्यायची मुभा दिली आणि त्या नोंदी ७५ वर्षं ठेवायची सोय केली. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, पण त्यात सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देऊ शकतं. ज्याच्यापासून संरक्षण हवं, त्यालाच कुलपाची दुसरी किल्ली.

दुसरीकडे लोक काय करतात? सॅन फ्रान्सिस्को शहराने मे २०१९ मध्ये आपल्या खात्यांना ही यंत्रणा वापरायला बंदी केली. ब्रिटनमध्ये एड ब्रिजेस या नागरिकाने साउथ वेल्स पोलिसांना कोर्टात खेचलं. २०२० साली अपील न्यायालयाने सांगितलं की यादीत कुणाला घालायचं आणि कॅमेरा कुठे लावायचा, हे पोलिसांच्या मर्जीवर सोडणं बेकायदा आहे. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या एआय कायद्याने सार्वजनिक जागी पोलिसांनी त्या क्षणी चेहरे ओळखण्यावर मुळात बंदी घातली, आणि हरवलेली माणसं, दहशतवादी हल्ल्याचा धोका, गंभीर गुन्ह्यातले संशयित असे मोजके अपवाद ठेवले. त्यासाठीही आधी न्यायाधीशाची किंवा स्वतंत्र अधिकाऱ्याची परवानगी लागते.

म्हणजे मार्ग आहे. तो आपल्या इतिहासातही दिसतो. आधी कायदा, मग कॅमेरा. मूल शोधायला आणलेलं यंत्र मुलं शोधण्यापुरतंच. जुळणी हा फक्त धागा मानायचा, पुरावा नाही, आणि तिच्यावरून अटक तर नाहीच. निर्दोष सुटलेल्याची नोंद त्याला अर्ज न करायला लावता पुसायची. आणि आपलं नाव-चेहरा यादीत आहे का, हे विचारायचा अधिकार प्रत्येकाला, सेटलमेंटमधल्या पारध्याला आणि आमच्या मोहल्ल्यातल्या पोरालाही.

मागच्या आठवड्यात मी महापालिकेत आणि पोलीस ठाण्यात माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाकले. चौकातले कॅमेरे चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेला जोडले आहेत का? असतील तर कुठल्या आदेशाने? चित्रण किती दिवस ठेवता? कॅमेरे मागणाऱ्या अर्जावर सही करतानाच हे विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

अर्जाची झेरॉक्स चाचांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि म्हणाले, “इसपे मेरी भी दस्तखत ले लेता.” पुढच्या अर्जावर घेणार आहे.